प्रार्थनेचे उघडे दार : पंडिता रमाबाईंच्या संस्थांतील बालवर्ग व धर्मशिक्षण

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा इतिहास सांगताना गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ही प्रथा अयोग्य नाही. मात्र तीमुळे आधीच्या चार दशकांचा एक अध्याय झाकला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखात लहान मुलांचे संगोपन, अक्षरओळख आणि उपासना या तिन्ही गोष्टी मिशनच्या व चर्चच्या आवारात एकत्र नांदत होत्या. निजामी राजवटीतील मराठवाडाही यास अपवाद नव्हता. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे चर्च मिशनरी सोसायटीचे पारशी समाजातून आलेले पाळक रतनजी नवरोजी यांनी दीर्घकाळ कार्य केले, तर गंगापूर-वैजापूर परिसरात कॅथलिक धर्मप्रचारकांनी 1892 नंतर आपली केंद्रे उभारली. परंतु या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न ज्या एका व्यक्तीच्या चरित्रात तीन वेळा, तीन वेगळ्या रूपांत उभा राहतो ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (1858-1922) होय. लहान मुलाला कोणता धर्म शिकवावा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न. रमाबाई प्रथम आई म्हणून, नंतर एका निधर्मी संस्थेच्या संचालिका म्हणून आणि शेवटी अनाथांच्या पालक म्हणून त्यास सामोऱ्या गेल्या. या तीन भूमिकांची उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत आणि म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहेत.

मनोरमेच्या शिक्षणाचा वाद :

रमाबाईंची स्वतःची पहिली शाळा म्हणजे त्यांची आई. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी मुलीस पहाटे उठवून संस्कृत शिकविले. घर कायमचे नव्हते, तीर्थयात्रेतील मुक्काम हाच वर्ग होता. दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, तर 1882 च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. त्यावेळी कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये रमाबाई मुलीसह इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना मनोरमेची देखभाल वाँटेजच्या भगिनी करीत. धर्ममंडळाच्या छायेत होणारे बालसंगोपन रमाबाईंनी प्रथम अनुभवले ते येथे, आणि तेही पालक म्हणून. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात दिसणारी रमाबाई नम्र धर्मांतरिता नाही. जे सिद्धान्त तिच्या स्वतःच्या बुद्धीस पटलेले नाहीत ते आपल्या अजाण मुलीस शिकवू नयेत, असा तिचा आग्रह आहे. त्रैक्याच्या तत्त्वावरून वाद होतो. मुलीच्या संगोपनावरूनही होतो. सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा झालेल्या मुलावर चर्चचा अधिकार होता. रमाबाईंच्या दृष्टीने तो अधिकार आईचा होता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल की, हा वाद ख्रिस्ती व हिंदू यांच्यातील नव्हता. दोन्ही पक्ष ख्रिस्ती होते.

फ्रोबेलची पद्धती व तिचा मराठी प्रवास :

आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या. मुक्काम काही आठवड्यांचा ठरला होता, तो लांबत गेला. या काळात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले आणि मराठी मुलांसाठी सचित्र क्रमिक पुस्तके तयार करण्यास प्रारंभ केला. चेंडू, गोल, घन, नळकांडे अशा साधनांनी मुलाच्या हाताला व डोळ्याला वळण लावणारी ही पद्धती त्यांना विशेष भावली, याचे कारण शोधणे कठीण नाही. भारतात बालविधवेला शिकविण्यास कोणी तयार नव्हते. पण तीच विधवा बालवर्गाची शिक्षिका झाली, तर समाजाला तिची गरज भासेल. रमाबाईंच्या योजनेत बालशिक्षण व विधवाशिक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

फ्रोबेलची पद्धती धर्मनिरपेक्ष होती असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः निसर्ग, मनुष्य व ईश्वर यांचे ऐक्य हा तिचा पायाच होता. गंमत अशी की, प्रशियाच्या सरकारने 1851 मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली ती नास्तिकतेच्या संशयावरून. ही बंदी 1860 मध्ये उठली. तात्पर्य, तीन वर्षांच्या मुलासमोर ठेवलेला लाकडी ठोकळादेखील त्या काळी धर्माच्या प्रश्नातून सुटला नव्हता.

शारदा सदन : तटस्थतेची कसोटी :

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या; त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे ठरविले होते आणि संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, ही मूळ अट होती. न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते ते याच भरवशावर. ग्रंथालयात बायबलही होते आणि हिंदू धर्मग्रंथही.

1890 मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह दररोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली दारापाशी, मग दाराच्या आत बसू लागल्या. वाद पेटला तो येथून. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्यांनी कोणास बोलावले नाही. परंतु स्वतःची उपासना लपविण्यासाठी दार लावून घेणे त्यांना मान्य नव्हते, आणि ज्या मुलींच्या पालकांची हरकत नाही त्यांना आपण का अडवावे? विरोधकांचे म्हणणे असे की, अन्न, वस्त्र, विद्या आणि माया ज्या एकाच बाईकडून मिळते तिच्या प्रार्थनेचे आकर्षण आश्रित मुलीस वाटणारच. अशा ठिकाणी बोलावणे आणि न बोलावणे यांत फरक उरत नाही. 1893 च्या ऑगस्टमध्ये रानडे व भांडारकर यांनी संबंध तोडल्याचे जाहीर केले. सुमारे पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले.

‘केसरी’च्या टीकेतील कडवटपणा बाजूला ठेवला तरी विरोधकांच्या मुद्द्यात तथ्य होते, असे म्हणावे लागते. किंबहुना तो मुद्दा नवा नव्हता. वाँटेजच्या भगिनींच्या मायेत वाढणाऱ्या मनोरमेविषयी आठ वर्षांपूर्वी रमाबाईंना जी धास्ती वाटली होती, तीच आता पुण्यातील पालकांना रमाबाईंविषयी वाटत होती. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पालक म्हणून जे पुढे आले त्यांतील अनेकांनी या बालविधवांच्या केशवपनास व उपासमारीस आक्षेप घेतलेला नव्हता. पालकत्वाची आठवण त्यांना धर्माच्या प्रश्नावर झाली.

दुष्काळ व केडगाव :

1896-97 च्या दुष्काळाने हा सगळा वाद वेगळ्या पातळीवर नेला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा रेल्वेमार्गावरील केडगाव येथील शेतजमिनीवर छपरे उभी राहिली. यातूनच 1898 मध्ये मुक्ती सदन आकारास आले. याच सुमारास बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली आणि तिच्याबरोबर तटस्थतेची अटही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. 1899 मध्ये तेथे भव्य चर्चची पायाभरणी झाली. 1899-1900 च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातूनही मुले आली आणि रहिवाशांची संख्या सुमारे 1,900 पर्यंत गेली.

एवढ्या मुलांना वाढविणे म्हणजे प्रथम त्यांना जगविणे होते. आजारी, मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुलांना थोरल्या मुलींच्या स्वाधीन केले जाई. त्या त्यांना न्हाऊ घालीत, भरवीत. फिलाडेल्फियात शिकलेली बालोद्यान पद्धती येथे खऱ्या अर्थाने कामास आली, कारण शिक्षिका व विद्यार्थी एकाच आवारात राहत होते. बालवर्ग, प्राथमिक वर्ग, शिक्षिकांचे प्रशिक्षण, विणकाम, शेती, छापखाना अशी ती साखळी होती. अंधांसाठी बार्तमी सदन, मुलांसाठी सदानंद सदन, संकटातील स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन अशा शाखा निघाल्या. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. चर्चमधील उपासना, रविवारची शाळा आणि रोजचा वर्ग यांत येथे सीमारेषा नव्हती. कोवळ्या वयाच्या मुलास ओवी, भजन, अक्षर आणि प्रार्थना ही सारी एकाच तोंडून ऐकू येत होती.

सदनातील मुलींना पालक होते. ते येऊन त्यांना घेऊन जाऊ शकले. केडगावच्या मुलांना नेणारे कोणी नव्हते. येथे दार उघडे की बंद, हा प्रश्नच उरला नाही. पालकही रमाबाई आणि चर्चही रमाबाईंचे. हिंदू समाजात याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. दुष्काळातील अनाथ मुले मिशनांकडे जातात, या जाणिवेतून आर्य समाजाने अनाथालये काढली आणि लाला लजपतराय यांनी 1901 मध्ये दुष्काळ आयोगापुढे साक्ष दिली. महाराष्ट्रात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपूर येथे 1875 मध्येच अनाथ बालकांसाठी आश्रम काढला होता, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदविली पाहिजे. परंतु दुष्काळाची व्याप्ती पाहता असे प्रयत्न अपुरे होते. ज्या मुलाला रस्त्यावरून कोणी उचलले नाही त्याच्या धर्माची चौकशी त्याला उचलल्यानंतर सुरू झाली, हे त्या काळाचे वास्तव होय. तरीही रमाबाईंच्या बाजूने सर्व हिशेब चुकता होतो असे नाही. मनोरमेसाठी तिच्यापाशी भांडणारी आई होती. केडगावच्या मुलांसाठी त्या जागी कोणी नव्हते, आणि या उणिवेविषयी रमाबाईंच्या नंतरच्या लेखनात वाँटेजच्या काळातील ती अस्वस्थता आढळत नाही. 1905 च्या धार्मिक जागृतीनंतर तर त्यांचा स्वर पूर्णतः निःशंक झालेला दिसतो.

निजाम राज्यात मनोरमेने 1913 मध्ये गुलबर्गा येथे शांती सदन ही मुलींची शाळा काढली. जुलै 1921 मध्ये तिचे निधन झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे. खेडुत स्त्रियांना कळेल अशा मराठीत त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, 1926 मध्ये, ताराबाई मोडक व गिजुभाई यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे बोर्डी व कोसबाड येथे जी अंगणवाडी साकारली तिच्यातील मूल सायंकाळी आपल्या घरी जात असे. स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद 28(3) ने राज्याची मान्यता किंवा साहाय्य असलेल्या शिक्षणसंस्थांत अज्ञान मुलाच्या धर्मशिक्षणासाठी त्याच्या पालकाची संमती आवश्यक ठरविली. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे मागितलेला अधिकार जवळपास हाच होता. जेथे संस्था हीच पालक असते तेथे ही संमती कोणाची समजावी, हा केडगावचा प्रश्न मात्र आजच्या बालगृहांच्या संदर्भातही तसाच शिल्लक आहे.