पामतेल: बिस्किटात, साबणात आणि आता शिवारातही

बिस्किटाचा पुडा, पाकीटबंद फरसाण, इन्स्टंट नूडल्स, बेकरीतली खारी, आंघोळीचा साबण. या वस्तूंमध्ये बहुतेक वेळा एक तेल सामाईक असतं, ते म्हणजे पामतेल. भारत हा जगातला सर्वात मोठा पामतेल आयातदार देश. आपल्याला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं आणि त्यात बहुतेक वर्षी मोठा वाटा पामतेलाचाच असतो. महाराष्ट्र सरकारने 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचातही रवा, साखर, चणाडाळीसोबत एक लिटर पामतेल होतं.

इतकं स्वस्त का?

ऑइल पाम म्हणजे तेलताड. झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, पण आज जगातलं सुमारे 85 टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोनच देशांतून येतं. एका हेक्टरमधून वर्षाला साधारण तीन ते चार टन तेल निघतं. सोयाबीनचं तेल हेक्टरी अर्धा टनही भरत नाही. फळाच्या गरातून निघतं ते पामतेल आणि आतल्या बीतून निघतं ते पाम कर्नेल तेल. पामतेलाचा पातळ भाग म्हणजे तळणीचं पामोलिन. घट्ट भाग वनस्पती तूप आणि साबणाकडे जातो. कर्नेल तेलापासून साबण आणि शाम्पूचा फेस करणारे घटकही बनतात.

जंगलाने मोजलेली किंमत

सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर गेल्या काही दशकांत लाखो हेक्टर वर्षावन तोडून या बागा उभ्या राहिल्या. ओरांगउटानच्या बोर्निओ, सुमात्रा आणि तापानुली या तिन्ही प्रजाती आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत.

याहून कमी दिसणारं नुकसान जमिनीखालचं आहे. तिथल्या दलदलीत हजारो वर्षांचा कुजका पाला साठून ‘पीट’ जमीन तयार झाली आहे. लागवडीसाठी चर खणून पाणी काढलं की ही जमीन वाळते, कार्बन डायऑक्साइड सोडू लागते आणि एकदा पेटली की आतल्या आत धुमसत राहते. 2015 च्या आगींत इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळलं. सगळ्या आगी पामसाठी लावलेल्या नव्हत्या, पण धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला. तेल गिरण्यांच्या सांडपाण्यातून मिथेन निघतो, तो वेगळाच. अलीकडे इंडोनेशियात पामसाठीची जंगलतोड आधीपेक्षा कमी झाली आहे, पण गेलेलं जंगल परत आलेलं नाही.

मग बंदच करायचं का?

हिशेब इतका सोपा नाही. तेवढंच तेल सोयाबीन किंवा सूर्यफुलातून काढायचं तर कितीतरी पट जास्त जमीन लागेल. म्हणजे तोड दुसरीकडे सरकेल. म्हणून खरा प्रश्न पाम किती खातो यापेक्षा तो कुठे लावला जातो हा आहे. जंगल न तोडता पिकवलेल्या तेलासाठी 2004 मध्ये स्थापन झालेल्या ‘आरएसपीओ’ या संस्थेचं प्रमाणपत्र आहे; मात्र जगातलं जेमतेम पाचव्या हिश्श्याचं तेल त्यात येतं आणि देखरेखीच्या ढिलाईबद्दल टीकाही होते.

आता आपल्याकडे

केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटी रुपयांचं ऑइल पाम मिशन मंजूर केलं. 2025-26 पर्यंत लागवड 10 लाख हेक्टरवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं आणि भर दिला तो ईशान्य भारत आणि अंदमानवर. मिझोरममध्ये डाम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेल्या पक्षीगणनेत पाम बागांपेक्षा झूम शेतीच्या पट्ट्यांत जंगली पक्षी जास्त आढळले, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

देशातलं बहुतेक पामतेल आंध्र आणि तेलंगणातून येतं. खम्मम, भद्राद्री कोत्तागुडेम हा त्याचा जुना पट्टा. कर्नाटक आणि गोव्यातही बागा आहेत. इथे बागा मुख्यतः शेतजमिनीवर आहेत, त्यामुळे इथला मोठा प्रश्न पाण्याचा. एकरी साधारण 57 झाडं बसतात. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला दोनशे लिटर धरले, तरी एकराला रोज अकरा हजार लिटरच्या वर पाणी लागतं. ज्या गावात एप्रिलमध्ये बोअर आटतात, तिथे हे गणित आधी मांडावं.

दुसरी गोष्ट गिरणीची. तोडलेला घड चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचला नाही तर तेलाचा दर्जा घसरतो. उत्पन्न सुरू व्हायला तीन-चार वर्षं जातात, झाड मात्र पंचवीस वर्षं जमीन अडवतं. आणि आयात शुल्क खाली आलं की घडाच्या भावावरही दाब येतो.

ग्राहकाने काय पाहावं?

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर कोणतं वनस्पती तेल वापरलं ते लिहिणं बंधनकारक आहे. ‘पामोलिन’ किंवा ‘पाम’ हा शब्द शोधावा. साबणावर ‘सोडियम पामेट’ किंवा ‘सोडियम पाम कर्नेलेट’ असं असतं. पाकीटबंद तळण कमी केलं तर पामतेलाचा खप घटतो आणि तब्येतीलाही बरं. शेतकऱ्याने मात्र अनुदानाचा अर्ज भरण्याआधी उन्हाळ्यातलं पाणी, गिरणीचं अंतर आणि खरेदीचा लेखी करार, या तीन गोष्टी तपासाव्यात.