औषधाच्या बाटलीवरचा चौकोन

मोहोरावर तुडतुडे दिसले की रत्नागिरीचा बागायतदार कृषी सेवा केंद्र गाठतो. तिथल्या प्रत्येक बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत: सर्वांत जहाल औषधाला लाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्याला हिरवा. लालच्या डोक्यावर कवटी आणि 'विष'. हिरव्याला नुसतं 'सावधान'.

या चौकोनाचं मूळ शेतात नाही, जहाजात आहे. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत विषबाधेने शंभरावर माणसं दगावली. जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकत्र भरला होता. औषध गळलं आणि पिठात उतरलं. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे गेली. पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१च्या नियमांत हा चौकोन. नियम करणारे भलतेच सावध होते. लेबलावर 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' छापायला बंदी. 'सांगितल्याप्रमाणे वापरल्यास' अशी पुस्ती जोडली तरी चालत नाही. हिरव्यालासुद्धा नाही.

जन्मच असा मालवाहतुकीतल्या अपघातातून झालेला. म्हणूनच की काय, कायद्याची नजर कारखाना, गोदाम आणि दुकानावर राहिली. घरचा वापर, परसबाग आणि स्वतः कसत असलेली जमीन कलम ३८ने वगळली. त्यामुळे करंज, निर्गुडी, रुईचा पाला गोमूत्रात कुजवून केलेल्या दशपर्णी अर्काला, किंवा घाटावरून निंबोळ्या आणून काढलेल्या अर्काला कुणी परवाना विचारत नाही. मात्र तोच निंबोळी अर्क कीटकनाशक म्हणून विकायला काढा, की नोंदणी आली, चौकोन आला.

अमेरिकेने १९९६ साली वेगळी वाट धरली. लवंग, दालचिनी, लसूण अशा ठरावीक पदार्थांची यादी केली आणि त्यांच्यापासून बनवलेल्या औषधांना विक्रीसाठीही नोंदणी माफ केली. मुख्य अटी अशा की घटक लेबलावर छापायचे आणि रोगराई हटवण्याचे दावे करायचे नाहीत. गंमत म्हणजे त्या यादीत कडुनिंब नाही. तिथे सूट पदार्थाला. आपल्याकडे कसणाऱ्याला, मग त्याच्या पंपात अर्क असो की लाल चौकोनाचं औषध. मला ही आपली सूट जरा जास्तच सैल वाटते.

रिकामी बाटली फोडून वस्तीपासून लांब पुरावी, असंही नियम सांगतात. प्रत्यक्षात ती धुऊन तिच्यातच दशपर्णी भरली जाते, वर लाल चौकोन तसाच.