दप्तरातले मूल

सातपुड्याच्या पायथ्याचे सोनाळा ज्या वऱ्हाडात मोडते, तो प्रांत 1853 साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केला. नावाने मुलूख निजामाचाच राहिल्यामुळे तेथे कायदेही हुकुमाने लागू करावे लागत. परंतु कोणत्याही वाटेने आलेल्या त्या कायद्यांत अपराधी मुलाकडे पाहण्याच्या दोन परस्परविरुद्ध दृष्टी होत्या.

1860 च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराधच मानले नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाविषयी न्यायाधीशाने एवढेच पाहावयाचे होते की, त्या प्रसंगी आपल्या वर्तनाचे स्वरूप व परिणाम ओळखण्याइतकी समज त्यास आली होती काय. याउलट 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने प्रसंग पाहिलाच नाही, जन्म पाहिला. 1897 च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून निराळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारास दिली. चार वर्षांचे पोर कोणता दरोडा घालणार होते, हे विचारण्याची तसदी कोणी घेतल्याचे दिसत नाही. इटलीत लोम्ब्रोसो 1876 साली कवटीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखू पाहत होता. येथे ते काम या जमातींच्या लोकांची हजेरी घेणारी ठाण्याची हजेरीवही करीत होती.

गुन्हेगार जमातींचा तो कायदा 1952 साली रद्द झाला. आज सोनाळ्याच्या सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप आला, तर 2015 च्या कायद्यान्वये एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते यांच्या बाल न्याय मंडळास त्याच्या मानसिक क्षमतेचा प्राथमिक अंदाज घ्यावा लागतो. मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही पक्व होत असतो, हे शास्त्र दयेच्या बाजूने बोलते खरे. पण ती अनेकांची सरासरी आहे, समोरच्या मुलाचा दाखला नव्हे. एकेकट्याचा मेंदू वाचण्याचा प्रयत्नही झाला: 2008 साली पुण्याच्या न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीवर भिस्त ठेवली. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून होणाऱ्या अशा चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या.

2024 साली राज्य सरकारने गुन्हे तपासासाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था उभारली. माझे मत स्पष्ट आहे: कोणता मुलगा पुन्हा गुन्हा करील याचे भाकीत करणारे गणित, ते कितीही निष्पक्ष भासले तरी, जुन्या दप्तरांवरच पोसलेले असल्यामुळे दंडसंहितेच्या नव्हे, हजेरीवहीच्या वंशातले आहे, आणि बाल न्याय मंडळाच्या मेजावर त्यास जागा देऊ नये. अपिलाची मुदत सरल्यावर, काही अपवाद वगळता, अशा मुलाचे दप्तर नष्ट करावे असे 2015 च्या कायद्याचे 24 वे कलम सांगते. त्या दप्तरावरून यंत्र जे शिकले ते पुसण्याची तजवीज त्या कलमात नाही.