नावे ते चि ये?

चांदूर बाजारहून निघा, पण एसटीनं नाही. १५०८ चा मार्च गाठायचा आहे. मागं वळून पाहाल तर संत्र्याचं एक झाड दिसणार नाही. अचलपुरात इमादशाहीचा अलाउद्दीन गादीवर आहे. शिदोरीला ज्वारीची भाकर आहे, ठेचा मात्र नाही. मिरचीच अजून वऱ्हाडात पोचायची आहे. ती पुढं ज्या फिरंग्यांच्या गलबतांतून येणार, त्यांच्याशीच तिकडं किनाऱ्यावर लढाई जुंपली आहे.

घाट उतरून तुम्ही निजामशाहीतल्या चौलला येता. कुंडलिकेच्या खाडीवर बारुदाचा धूर. एका बाजूला फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, व्हाइसरॉय आल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सो; त्याच्यावर चालून आलेला सरदार अमीर हुसेन अल्-कुर्दी, सुवेझहून मिसरच्या ममलूक सुलतानाचं आरमार घेऊन. नावच सांगतं, माणूस कुर्द. सलादिनही कुर्दच होता, पण त्याची लढाई जमिनीवरची. डोंगराळ मुलखाच्या या जमातीतला माणूस खाऱ्या पाण्यात काय करतोय, असं तुम्हाला वाटून जातं.

दीवचा मलिक अयाज हलक्या होड्या घेऊन मदतीला येतो आणि पारडं फिरतं. लोरेन्सोच्या जहाजात पाणी शिरतं, ते मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकतं. गोळा पायावर बसतो. तो डोलकाठीपाशी बसून हुकूम देत राहतो. दुसऱ्या गोळ्यानं संपतो.

समजा, संध्याकाळी अमीराच्या मुलखातला एक खलाशी किनाऱ्यावर तुमच्याशेजारी टेकतो. भाकरीवरची माशी हाकलत पुटपुटतो, ‘मेश.’ तुम्ही चमकून बघता. तो बोटं मोडत मेलेले सोबती मोजतो: येक, दू, से, चार, पेंज... नऊला नेह, दहाला देह.

मग विचारतो, ‘नावे ते चि ये?’

‘तुयं नाव काय’ असंच विचारतोय, हे सांगायला दुभाषा लागत नाही. कुर्दीतही नावाला नावच म्हणतात.

पुढच्या ३ फेब्रुवारीला, १५०९ साली, दीवजवळ हे आरमार बुडणार आहे. मुलाचा सूड घ्यायला बाप येतो आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, या खलाशाला नाही.

तुम्ही नाव सांगता. गाव? ‘चांदूर बाजार.’

‘चांदूर’ त्याला कळत नाही. ‘बाजार’ मात्र लगेच कळतं. तुम्हाला व्यापारी समजून तो कमरेची पिशवी सोडतो आणि तुमच्या अर्ध्या भाकरीचा भाव विचारू लागतो.