आधारबिंदू (नकाशाचिन्हे)

आधारबिंदू किंवा अँकर म्हणजे नकाशावरील चिन्हाच्या आकृतीतील असा एक बिंदू, जो दर्शवायच्या स्थळाच्या अक्षांश-रेखांशांवर नेमका टेकवला जातो. चिन्हाचा उरलेला सर्व भाग या बिंदूच्या सापेक्ष रेखाटला जातो. डिजिटल नकाशांवर स्वतः तयार केलेली सदिश (व्हेक्टर) चिन्हे वापरताना आधारबिंदू ठरवणे ही अचूक स्थाननिश्चितीची मुख्य पायरी असते. स्थळाचे सहनिर्देशक अचूक असूनही आधारबिंदू चुकला, तर चिन्ह भलतीच जागा दाखवते. ही चूक नकाशाच्या झूम पातळीनुसार कमी-जास्त होत असल्यामुळे ती पुष्कळदा सहनिर्देशकांची चूक समजली जाते.

## पार्श्वभूमी

नकाशावरील चिन्ह हे ते दर्शवीत असलेल्या वस्तूपेक्षा बहुधा मोठे असते. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर १ मिलिमीटर अंतर जमिनीवरील ५० मीटर असते. त्यामुळे २ मिलिमीटर रुंदीचे मंदिराचे चिन्ह जमिनीवरील १०० मीटर रुंद जागा व्यापते. एवढ्या जागेपैकी नेमका कोणता बिंदू मंदिराचे स्थान दर्शवतो, हा प्रश्न छापील नकाशांच्या काळापासून आहे. त्यावर मानचित्रणशास्त्रात काही संकेत रूढ झाले. वर्तुळ, चौरस, त्रिकोण अशा भौमितिक चिन्हांचा मध्य हे स्थान मानले जाते, तर समोरून पाहिल्याप्रमाणे काढलेल्या चित्ररूप चिन्हांचे स्थान त्यांच्या तळाच्या मध्याशी असते.

काही क्षेत्रांत हे संकेत अधिक काटेकोर आहेत. सागरी नकाशांवर तरंगत्या बोयाच्या चिन्हाच्या तळाशी एक लहान वर्तुळ असते आणि बोयाचे स्थान त्या वर्तुळाशी मानले जाते, वर काढलेल्या आकृतीशी नव्हे. नाटोच्या लष्करी चिन्हप्रणालीत मुख्यालयाच्या चौकटीच्या डाव्या बाजूने खाली एक काठी काढलेली असते व तिचे खालचे टोक मुख्यालयाचे स्थान दाखवते. हवामान नकाशावर वेधशाळेचे स्थान लहान वर्तुळाने दाखवतात आणि वाऱ्याची दिशा व वेग सांगणारी काठी त्या वर्तुळातून बाहेर निघते. या तिन्ही उदाहरणांत चिन्हाचा आधारबिंदू त्याच्या चौकटीच्या मध्याशी नसतो.

डिजिटल नकाशांवर सर्वाधिक परिचित झालेले चिन्ह म्हणजे उलट्या थेंबाच्या आकाराची टाचणी. ८ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झालेल्या गुगल मॅप्ससाठी येन्स आयलस्ट्रुप रासमुसेन यांनी तिची रचना केली. निमुळत्या टोकामुळे ही टाचणी नेमका एक बिंदू दाखवते आणि तिचा रुंद भाग स्थळाच्या वरच्या बाजूस राहत असल्याने स्थळ झाकले जात नाही. ही टाचणी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

## दोन सहनिर्देशक पद्धती

सदिश चिन्ह नकाशावर ठेवताना दोन स्वतंत्र सहनिर्देशक पद्धती जोडाव्या लागतात.

पहिली पद्धत नकाशाची. अक्षांश व रेखांश प्रक्षेपणाद्वारे पडद्यावरील पिक्सेलमध्ये रूपांतरित होतात. बहुतेक आंतरजालीय नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपण वापरतात. त्यात शून्य झूम पातळीवर संपूर्ण जग २५६ × २५६ पिक्सेलच्या चौरसात मावते आणि पुढील प्रत्येक पातळीवर त्याची लांबी व रुंदी दुप्पट होते. शून्य पातळीवर विषुववृत्तावरील एक पिक्सेल सुमारे १५६.५ किलोमीटर अंतर व्यापतो, तर अठराव्या पातळीवर सुमारे ०.६ मीटर. इतर अक्षांशांवर हे अंतर अक्षांशाच्या कोज्या (कोसाइन) गुणोत्तराने कमी होते.

दुसरी पद्धत आकृतीची. सदिश आकृतीतील रेषा व वक्र हे बिंदूंच्या सहनिर्देशकांनी नोंदवलेले असतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सप्टेंबर २००१ मध्ये प्रमाणित केलेल्या एसव्हीजी या स्वरूपात आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि शालेय आलेखाच्या उलट, य-अक्षाची धन दिशा खाली असते. आकृतीचा किती भाग दिसावा हे ‘व्ह्यूबॉक्स’ या चौकटीने ठरते.

आधारबिंदू हा या दोन पद्धतींना जोडणारा एकमेव दुवा होय. चिन्हातील कोणत्याही बिंदूचे पडद्यावरील स्थान पुढील सूत्राने मिळते:

पडद्यावरील बिंदू = स्थळाचा बिंदू + प्रमाणगुणक × (आकृतीतील बिंदू − आधारबिंदू)

चिन्ह फिरवायचे असल्यास कंसातील फरकाला प्रथम परिभ्रमण दिले जाते. आकृतीतील बिंदू हाच आधारबिंदू असेल, तर कंसातील फरक शून्य होतो. म्हणून चिन्ह कितीही मोठे केले किंवा कसेही फिरवले, तरी आधारबिंदू स्थळावरून हलत नाही.

## उदाहरण

२४ × २४ एककांच्या चौकटीत काढलेल्या टाचणीचे टोक (१२, २२) या बिंदूवर आहे असे मानू. टोकाखाली दोन एककांची मोकळी जागा आहे. हे चिन्ह दुप्पट आकारात, म्हणजे ४८ × ४८ पिक्सेलमध्ये दाखवल्यास आधारबिंदूच्या निवडीनुसार पुढील परिणाम होतात:

* आधारबिंदू (१२, २२) : टोक नेमके स्थळावर येते.
* आधारबिंदू (१२, २४), म्हणजे चौकटीच्या तळाचा मध्य : टोक स्थळाच्या ४ पिक्सेल वर राहते.
* आधारबिंदू (१२, १२), म्हणजे चौकटीचा मध्य : टोक स्थळाच्या २० पिक्सेल खाली जाते.
* आधारबिंदू (०, ०), म्हणजे डावा वरचा कोपरा : टोक २४ पिक्सेल उजवीकडे व ४४ पिक्सेल खाली जाते.

यावरून दिसते की ‘तळाचा मध्य’ ही निवडसुद्धा आकृतीभोवती मोकळी जागा असल्यास पुरेशी अचूक ठरत नाही. आधारबिंदू चौकटीवरून न ठरवता प्रत्यक्ष आकृतीतील टोकावरून ठरवावा लागतो.

## झूम पातळी आणि चुकीचे अंतर

आधारबिंदूची चूक पडद्यावर ठरावीक पिक्सेलची असते, परंतु जमिनीवरील तिचे अंतर झूम पातळीनुसार बदलते. ४१ पिक्सेल उंचीच्या टाचणीचा आधारबिंदू टोकाऐवजी मध्यावर ठेवल्यास टोक २०.५ पिक्सेल खाली, म्हणजे उत्तर वर असलेल्या नकाशावर दक्षिणेकडे सरकते. पुण्याच्या परिसरात (सुमारे १८.५° उत्तर अक्षांश) ही चूक पुढीलप्रमाणे भरते:

* झूम पातळी १८ : सुमारे १२ मीटर
* झूम पातळी १५ : सुमारे ९३ मीटर
* झूम पातळी १२ : सुमारे ७४० मीटर
* झूम पातळी १० : सुमारे ३ किलोमीटर
* झूम पातळी ५ : सुमारे ९५ किलोमीटर

गोव्यात मांडवी नदीच्या उत्तर काठावरील बेती येथील एखाद्या स्थळाची अशी टाचणी बाराव्या पातळीवर नदीच्या पात्रात किंवा पलीकडच्या पणजीच्या बाजूस टेकलेली दिसू शकते. नकाशा जवळ आणला की तीच टाचणी आपल्या जागी परतल्यासारखी भासते. नकाशा लहान-मोठा करताना चिन्ह ‘सरकणे’ हे आधारबिंदू चुकल्याचे ठळक लक्षण आहे.

## विविध प्रणालींतील पद्धती

आधारबिंदू सांगितला नसल्यास प्रत्येक प्रणाली स्वतःचे गृहीतक वापरते. ही गृहीतके आणि त्यांची एकके सारखी नाहीत.

गुगल मॅप्स – जावास्क्रिप्ट आवृत्तीतील जुन्या मार्करमध्ये चित्ररूप चिन्हाचा आधारबिंदू तळाच्या मध्याशी गृहीत धरला जातो. सदिश मार्गाने काढलेल्या चिन्हाचा आधारबिंदू मात्र (०, ०) मानला जातो. त्यामुळे चित्राच्या जागी सदिश चिन्ह ठेवताच ते खाली उजवीकडे सरकते. सदिश चिन्हाचा आधारबिंदू आकृतीच्याच एककांत द्यावा लागतो, म्हणून प्रमाणगुणक बदलला तरी तो बदलावा लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुना मार्कर कालबाह्य घोषित करण्यात आला. त्याऐवजी आलेल्या प्रगत मार्करमध्ये दिलेल्या घटकाच्या तळाचा मध्य स्थळावर ठेवला जातो.

लीफलेट – व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी विकसित केलेल्या आणि २०११ मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या या मुक्तस्रोत प्रणालीत आधारबिंदू पिक्सेलमध्ये, चिन्हाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजला जातो. आकार दिला पण आधारबिंदू दिला नाही, तर चिन्हाचा मध्य गृहीत धरला जातो. मूळ निळ्या टाचणीचा आकार २५ × ४१ पिक्सेल असून तिचा आधारबिंदू (१२, ४१) आहे. वरील उदाहरणातील चिन्ह ४८ × ४८ पिक्सेलमध्ये दाखवताना येथे (२४, ४४) लिहावे लागते.

ओपनलेयर्स – येथे आधारबिंदू सामान्यतः चिन्हाच्या रुंदी व उंचीच्या अपूर्णांकांत देतात. मूळ मूल्य (०.५, ०.५), म्हणजे मध्य असते. वरील टाचणीसाठी ते (०.५, ०.९१७) होईल.

मॅपलिब्रे – चिन्हांच्या थरात मध्य, वर, खाली, डावा, उजवा व चार कोपरे अशा नऊ नामनिर्देशित स्थानांपैकी एक निवडता येते. मूळ निवड मध्य असते. टोक यांपैकी कोणत्याही स्थानी नसल्यास विस्थापन वेगळे द्यावे लागते.

क्यूजीआयएस – या भौगोलिक माहिती प्रणालीत चिन्हाचे उभे व आडवे स्थान स्वतंत्रपणे निवडता येते. मूळ निवड दोन्ही दिशांनी मध्य अशी असते.

## परिभ्रमण

वाहनाची दिशा दाखवणारा बाण किंवा वाऱ्याची काठी फिरवताना परिभ्रमण आधारबिंदूभोवतीच व्हावे लागते. वाऱ्याची काठी चौकटीच्या मध्याभोवती फिरवल्यास वारा बदलेल तसे वेधशाळेचे वर्तुळ नकाशावर गोल फिरत राहते. एसव्हीजीमध्ये परिभ्रमणाचे केंद्र न दिल्यास ते (०, ०) मानले जाते.

दिशाकोन मोजण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. नौकानयन व सर्वेक्षणात कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात, तर गणितात धन क्ष-अक्षापासून घड्याळाच्या विरुद्ध दिशेने. पहिला कोन मिळवण्यासाठी ९० अंशांतून दुसरा वजा करावा लागतो. आकृतीतील बाण मूळात वरच्या दिशेने काढलेला असल्यास दिशाकोन थेट वापरता येतो. संपूर्ण नकाशा फिरवता येत असेल, तर चिन्हाने नकाशाबरोबर फिरावे की पडद्याच्या सापेक्ष उभे राहावे, हेही ठरवावे लागते. बाणासाठी पहिला पर्याय योग्य ठरतो, टाचणीसाठी दुसरा.

## सूक्ष्म त्रुटी

बाह्यरेषेची जाडी – बाह्यरेषेची निम्मी जाडी मार्गाच्या बाहेर जाते. टोकदार कोपऱ्यात हा विस्तार अधिक असतो. ६० अंशांच्या टोकाला २ एकक जाडीची टोकदार बाह्यरेषा दिल्यास दिसणारे टोक मूळ बिंदूपासून २ एकक पुढे जाते.

गुणोत्तरातील फरक – चौरस आकृती आयताकृती जागेत बसवल्यास एसव्हीजीच्या मूळ नियमानुसार ती मध्यभागी ठेवली जाते व कडांना मोकळी जागा राहते. वरील २४ × २४ चे चिन्ह ३० × ४० पिक्सेलच्या जागेत ठेवल्यास टोक तळाशी न येता (१५, ३२.५) येथे येते.

पूर्णांकीकरण – काही प्रणाली चिन्हाचे स्थान जवळच्या पूर्ण पिक्सेलवर आणतात. त्यामुळे रेषा सुस्पष्ट दिसतात, परंतु अर्ध्या पिक्सेलपर्यंत फरक पडू शकतो.

## इतर चुकांपासून वेगळेपण

चिन्ह चुकीच्या जागी दिसण्याची कारणे त्यांच्या लक्षणांवरून ओळखता येतात.

आधारबिंदू चुकल्यास पडद्यावरील विचलन सर्व झूम पातळ्यांवर सारखे राहते. सहनिर्देशक चुकल्यास जमिनीवरील अंतर सारखे राहते, त्यामुळे नकाशा जवळ आणल्यावर चूक पडद्यावर वाढत जाते.

अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाल्यास चिन्ह फार दूर जाते. लीफलेट व गुगल मॅप्समध्ये अक्षांश आधी लिहितात, तर २०१६ मध्ये प्रमाणित झालेल्या जिओजेसन स्वरूपात रेखांश आधी असतो. पुण्याचे सहनिर्देशक (१८.५२° उ., ७३.८६° पू.) उलटे वाचले गेल्यास खूण नॉर्वेच्या उत्तरेस, बॅरेंट्स समुद्रातील बेअर बेटाजवळ उमटते.

भूमापन आधार (डेटम) निराळा असल्यास एका प्रदेशातील सर्व खुणा जवळपास सारख्याच दिशेने व अंतराने सरकतात. एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेल्या जुन्या भारतीय नकाशांतून घेतलेले सहनिर्देशक रूपांतर न करता डब्ल्यूजीएस ८४ वर आधारित नकाशावर ठेवल्यास असे घडते. चीनमध्ये नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या जीसीजे-०२ पद्धतीत स्थाने हेतुतः काहीशे मीटर विचलित केलेली असतात. तेथील विचलन मात्र ठिकाणानुसार बदलते.

पडताळणीची सोपी रीत म्हणजे त्याच सहनिर्देशकांवर मध्याशी आधारबिंदू असलेले लहान वर्तुळ ठेवणे आणि नकाशा लहान, मोठा व तिरपा करून पाहणे. चिन्हाचे टोक प्रत्येक वेळी वर्तुळाच्या मध्यावर राहिले, तर आधारबिंदू योग्य आहे.

## महत्त्व

जहाजांवरील इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांसाठी आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने तयार केलेल्या एस-५२ या प्रमाणकात प्रत्येक सदिश चिन्हाबरोबर त्याचा आधारबिंदू नोंदवलेला असतो. त्यामुळे खडक किंवा बोया कुठे आहे हे नकाशा दाखवणाऱ्या संगणकाच्या गृहीतकावर अवलंबून राहत नाही. आपत्ती व्यवस्थापन, रुग्णवाहिका सेवा व पूरनियंत्रण यांच्या नकाशांवरही काही मीटरांचा फरक नदीचा काठ किंवा रस्त्याची बाजू बदलू शकतो. म्हणूनच चिन्हांचा संच तयार करताना आकृती, तिची चौकट आणि आधारबिंदू ही तिन्ही माहिती एकत्र नोंदवणे आवश्यक मानले जाते.

## हेही पाहा

* मर्केटर प्रक्षेपण
* भौगोलिक माहिती प्रणाली
* सांकेतिक चिन्हे व खुणा
* अक्षांश व रेखांश