लोणारच्या गाळातून पाऊस मोजताना

जालना जिल्ह्यात हिमनदी नाही. तरीही हिमनद्यांचा भूतकाळ शोधण्याची गणिती पद्धत इथे लागू पडते. फक्त हिमनदीच्या जागी तळे धरायचे. मंठ्याच्या पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाण्यातले लोणार लागते. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. त्यामुळे हिशेब सुटसुटीत होतो: तळ्यावरचा पाऊस, उतारांवरून आलेले पाणी आणि झरे ही जमा, बाष्पीभवन हा खर्च. हिमनदीत वर साचलेला बर्फ जमा आणि खाली वितळलेला खर्च.

मॉडेल चालवायचे म्हणजे एखाद्या काळाचा पाऊस आणि तापमान गृहीत धरायचे, समीकरणे वर्षामागून वर्ष पुढे न्यायची आणि निघालेली पातळी पुराव्याशी ताडून पाहायची. जुळली नाही, तर गृहीतक बदलायचे. डच हिमनदीतज्ज्ञ ऊर्लमान्स यांनी २००५ साली हेच उलट्या दिशेने केले. १६९ हिमनद्यांच्या लांबीच्या नोंदींवरून त्यांनी इ.स. १६०० पासूनचे तापमान काढले.

अडचण अशी की उत्तर एकच निघत नाही. हिमनदी आखडली ती उष्णतेने, की बर्फच कमी पडला म्हणून? तळे आटले ते पाऊस घटल्याने, की ऊन वाढल्याने? मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी पावसाच्या दुपटीहून अधिक पाणी उडून जाते. त्यामुळे बाष्पीभवनाच्या अंदाजातली लहानशी चूकही पावसाच्या आकड्यात मोठी होऊन उतरते.

लोणारच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात गेल्या सुमारे ११,००० वर्षांची नोंद आहे. त्यात गेल्युसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक ठळकपणे दोन काळांत दिसतात: सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. पाणी आटून फार खारट-अल्कधर्मी झाल्याशिवाय ते बनत नाहीत, म्हणून हे कोरडे काळ. पण दुसरा काळ तर उत्तर सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा! वेरूळ याच शतकांत कोरले गेले, आणि आपल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, सातवाहनकालीन हस्तिदंती कारागिरी सापडली आहे. तेव्हा 'कोरडा काळ' याचा अर्थ शतकानुशतके १९७२सारखा दुष्काळ असा लावणे चूक. सरासरी खाली सरकली, एवढेच गाळ सांगतो. कोणत्या वर्षी किती मिलिमीटर पडला, हे नाही.

हवामानाची जागतिक मॉडेले दुसऱ्या टोकाने येतात. ६,००० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कक्षेमुळे उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात सुमारे पाच टक्के जास्त ऊन मिळत होते. ते समीकरणांत घातले की मोसमी पाऊस बळावतो. लोणारच्या गाळातही सुरुवातीची सहस्रके नंतरच्यांपेक्षा ओलसर दिसतात. हा मेळ महत्त्वाचा, कारण दोन्ही पुरावे परस्परांवर अवलंबून नाहीत.

मात्र अशा मॉडेलांच्या जाळीचा एक चौकोन बहुधा १०० किलोमीटर किंवा त्याहून मोठा असतो. म्हणजे ७,७०० चौरस किलोमीटरचा अख्खा जालना जिल्हा त्यातल्या एकाच चौकोनात मावेल. भोकरदन आणि परतूर हे तालुके मॉडेलला वेगळे दिसतच नाहीत. तेव्हा कोणी तालुकानिहाय प्राचीन पर्जन्यमान सांगू लागला, तर आधी चौकोन केवढा होता ते विचारावे.