इंजिनाच्या पोटातलं पाणी

पाण्याइतका गरीब प्राणी जगात दुसरा नाही, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणार, उतार दिसेल तिकडे मुकाट्याने जाणार. आमच्या पुतण्याच्या मोटरबोटीने ही समजूत मोडली. अर्थात समजुतीच्या आधी इंजिन मोडलं.

पुतण्या अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवरच दहा हजार तळ्यांची जाहिरात असते. एवढी तळी दारात असल्यावर माणूस बोट घेणार नाही तर काय! त्याने एक जुनी बोट घेतली, पोटात इंजिन असलेली. असलं इंजिन तळ्याचंच पाणी ओढून घेतं, अंग थंड करतं आणि मागच्या बाजूने टाकून देतं. उन्हाळाभर सुखाचा संसार. पण इंजिन थांबलं तरी थोडं पाणी त्याच्या कप्प्यांत उरतंच. हिवाळ्यात ते गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बिडाला फुगणं ठाऊक नाही, ते तडकतं.

हा पराक्रम जुना आहे. १७८४-८५च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्विबेकमध्ये एडवर्ड विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तोफखान्यातल्या मेजरने लोखंडी बॉम्बगोळ्यांत दारूऐवजी पाणी भरलं, तोंडात बुचं ठोकली आणि गोळे थंडीत ठेवून दिले. काहींची बुचं उडून लांब जाऊन पडली, काही गोळे सरळ फुटले. शत्रू नाही, बत्ती नाही, नुसती थंडी! हे वाचल्यापासून मी घरच्या माठाशीही जरा अदबीने वागतो.

गंमत म्हणजे बोटीच्या मागे टांगायच्या इंजिनाची कथा बर्फ वितळण्यापासून सुरू होते. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला कारागीर विस्कॉन्सिनच्या एका तळ्यावर बेस नावाच्या मुलीसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला आणि परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं, असं सांगतात. पुढे लग्न झालं, इंजिनही झालं आणि १९०९ पासून ते विकलं जाऊ लागलं. जाहिरातीचं काम बेसने सांभाळलं. टांगतं इंजिन पाण्याबाहेर काढून उभं धरलं की पाणी आपोआप गळून जातं. पोटातल्या इंजिनाचं नशीब तसं नाही.

पाणी गोठू नये म्हणून मोटारवाल्यांनी आधी त्यात अल्कोहोल मिसळून पाहिलं. पण इंजिन तापलं की ते उडून जाई. तिकडे वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५०च्या दशकातच ग्लायकॉल तयार करून ठेवलं होतं. ते बिचारं कित्येक वर्षं सुशिक्षित बेकार होतं. अखेर १९२७ मध्ये अमेरिकेत ते ‘प्रेस्टोन’ नावाने इंजिनात नोकरीला लागलं. हा द्रव चवीला गोड आणि पोटात गेला तर विष. म्हणून तळ्याचं पाणी पिणाऱ्या बोटींसाठी त्याचा सौम्य भाऊ वापरतात, प्रॉपिलिन ग्लायकॉल. तो गुलाबी रंगात मिळतो.

आमच्या चिरंजीवांनी पहिल्या वर्षी पैसे वाचवले. इंजिनाच्या बुडाचं बूच काढलं, चार थेंब गळले, ‘रिकामं झालं’ म्हणून बूच परत बसवलं. वसंतात इंजिन फिरवून पाहिलं, तर ऑइलची दुधाळ कॉफी झालेली! आतली भिंत तडकून पाणी ऑइलमध्ये शिरलं होतं. भोकाच्या तोंडाशी गाळ आणि गंज साचला होता, म्हणून पाणी मागेच राहिलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात मी तिथे होतो. पुतण्याने बूच काढलं आणि भोकात तार खुपसली. मूठभर गाळ आला आणि त्यामागून धो-धो पाणी. मग बूच लावून त्याने गुलाबी द्रव इंजिनाला पाजला. मागून गुलाबी धार पडेपर्यंत इंजिन चालवलं आणि शेवटी हवेच्या तोंडातून तेलाचा फवारा मारला. धुराने सगळी गल्ली भरली.

“काका, आपल्याकडे हे झंझट नाही,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “अरे, कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात, ते काय हौस म्हणून? नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राशी अबोला असतो.”

तो हसला आणि ती तार नीट पुसून अवजारांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवली. एका इंजिनाच्या किमतीला पडली होती ना!